कासारणीच्या पोटातली कादंबरी

फार पूर्वी, छापखाना ही चीज नुकतीच निघाली होती त्या काळात, नदीकाठच्या एका गावात एक बडबडी कासारीण राहत होती. नाव तिचं सगुणा. गावोगाव फिरून बांगड्या भरायच्या आणि बांगड्या भरता भरता गोष्टी सांगायच्या, हा तिचा धंदा.

आता तुम्ही म्हणाल, बांगड्यांचा आणि गोष्टींचा संबंध काय? तर संबंध असा, की नव्या बांगड्या भरताना अंगठ्याच्या सांध्यापाशी हात असा काही दुखतो की भल्याभल्या बायका कळवळतात. सगुणाचं कसब हे, की बांगडी तिथं आली की तिची गोष्टही नेमकी अडचणीच्या जागी यायची. "आणि मग काय सांगू वैनी, त्या कोरड्या विहिरीतून हाक आली..." एवढं म्हणेपर्यंत बांगडी मनगटात गेलेली असायची. बाई विचारायची, "कुणाची गं हाक?" सगुणा म्हणायची, "दुसरा हात द्या, मग सांगते." अशानं बायका गरज नसतानाही दोन्ही हात भरून घ्यायच्या.

पण तिच्या पोटात गोष्ट म्हणून राहायची नाही. सकाळी भाकरी थापताना काही सुचलं की दुपारपर्यंत ते साऱ्या आळीला ठाऊक. तिचा नवरा केरबा दुकानात बसून बांगड्यांच्या माळा ओवायचा. माणूस भारी अबोल. कुणी विचारलं की म्हणायचा, "आमच्या घरात बोलायचं काम तिच्याकडे आणि ऐकायचं माझ्याकडे. कामाची वाटणी झालेली आहे."

असं सगळं छान चाललं होतं. पण एकदा काय झालं, सगुणा पलीकडच्या गावात बांगड्या भरायला गेली, तर तिथल्या ओसरीवर एक बाई चार पोरींना गोष्ट सांगत होती. सगुणा कान देऊन ऐकायला लागली. बघते तर काय, गोष्ट तिचीच! हाकेची विहीर तीच, विहिरीत उतरलेली सूनही तीच. सगुणानं हरखून विचारलं, "ही गोष्ट कुणाची हो?"

"कुणाची म्हणजे?" ती बाई म्हणाली. "गोष्टीला काय धनी असतो? अशीच फिरतेय झालं."

सगुणाला फार वाईट वाटलं. जिनं ती विहीर खणली, पाणी आटवलं, आत सून उतरवली, तिचं कुणी नावसुद्धा घेऊ नये? त्याच सुमारास गावातल्या गुरुजींनी शहरातून एक छापील कादंबरी आणली होती. सगुणानं ती हातात घेऊन पाहिली. पहिल्याच पानावर लिहिणाऱ्याचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. ते नाव कुणी पुसू शकणार नव्हतं आणि कुणी विसरूही शकणार नव्हतं. झालं! सगुणानं मनात धरलं, आपणही कादंबरी लिहायची, ती छापून आणायची आणि तिच्यावर आपलं नाव घालायचं.

लिहायला-वाचायला ती लहानपणी वडिलांच्या दुकानावर शिकली होती. कल्पनेला तोटा नव्हताच. तिनं कागद आणले, बोरू तासला, शाई घोटली आणि एका गवंड्याची गोष्ट लिहायला घेतली. या गवंड्यानं राजासाठी दार नसलेला महाल बांधला होता. राजा आत कसा शिरला, हेच कुणाला कळत नव्हतं. पहिली चार पानं अशी फर्मास उतरली की सगुणा स्वतःवरच खूश झाली.

मग ती माळा खांद्यावर टाकून पाटलांच्या वाड्यावर गेली. पाटलीणबाई म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. मन मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांनी हात पुढे करताच सगुणाची जीभ सुटली. गवंडी सांगितला, महाल सांगितला, राजा आत कसा गेला तेही सांगितलं. पाटलीणबाईंनी तोंडात बोटंच घातली. म्हणाल्या, "सगुणे, धन्य आहेस गं बाई!" पुढच्या घरी तेच सांगितलं, तिथंही वाहवा झाली. तिसऱ्या घरी तर लाडू मिळाला.

दुपारी घरी येऊन ती कागदापुढे बसली. बसली ती बसलीच. बोरू शाईत बुडवला, वाळला, परत बुडवला. केरबानं विचारलं, "काय झालं?"

"अहो, लिहावंसंच वाटेना," सगुणा म्हणाली. "राजा आत गेला की! आता त्याला परत बाहेर काढून पुन्हा आत घालायचा कंटाळा आलाय."

तरी ती हटून बसली आणि उरलेली गोष्ट कशीबशी दोन-तीन पानांत गुंडाळली. मग ते बाड फडक्यात बांधून तिनं शहर गाठलं.

शहरात दाजीबा नावाचा एक प्रकाशक होता. पोट सुटलेला, हसरा, बोटं कायम शाईनं काळी. त्याच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवणारी माणसं वाकून वाकून काम करत होती आणि हा मधोमध बसून वाचत होता. सगुणाचं बाड त्यानं उघडलं. पहिली चार पानं वाचताना त्याचे डोळे मोठे मोठे होत गेले. पाचव्या पानावर ते बारीक झाले. शेवटच्या पानावर त्यानं चक्क जांभई दिली.

"बाई," तो म्हणाला, "इथपर्यंत गोष्ट पळतेय आणि इथून पुढे तिला कुणीतरी ओढत नेतंय. मध्ये काय आजारी पडलात काय?"

"नाही हो," सगुणा म्हणाली, "लिहिताना जरा घाई झाली. थांबा, तुम्हाला तोंडीच सांगते, बघा कशी रंगते ती! तर तो गवंडी..."

"गप! गप!" असं ओरडून दाजीबानं दोन्ही कानांत बोटं घातली. खिळे जुळवणारे सगळे मान वर करून बघायला लागले. सगुणा बोलायची थांबली तेव्हाच त्यानं बोटं काढली. "आता मला कळलं तुमचं दुखणं. ही गोष्ट तुम्ही गावभर सांगून बसलात, होय ना?"

सगुणानं मान खाली घातली.

"तुमच्यात दम आहे," दाजीबा म्हणाला. "ही चार पानं खोटं बोलत नाहीत. दुसरी गोष्ट लिहा, पूर्ण लिहा आणि माझ्याकडे घेऊन या. पण माझी एक अट आहे. मी बाजारच्या दिवशी तुमच्या गावात चौकशी करीन. गावातल्या एका माणसाला जरी गोष्टीचा शेवट ठाऊक निघाला, तरी मी ती छापणार नाही. मग ती कितीही चांगली असो."

"एकालाही नाही? नवऱ्यालासुद्धा?"

"नवऱ्याला तर मुळीच नाही."

सगुणा परत निघाली. वाट लांबची होती आणि बोलायला बरोबर कुणी नव्हतं, म्हणून असेल, पण चालता चालता तिला नवी गोष्ट सुचली. दोन बहिणी असतात. थोरलीचा हात सुटून धाकटी जत्रेत हरवते. थोरली मोठी होते, तिचं लग्न ठरतं, आणि हळदीच्या आदल्या दिवशी ती घरच्यांना सांगते, "आधी माझी बहीण शोधते, मग बोहल्यावर उभी राहते." आणि निघते. पुढचं सुचायला लागलं तशी सगुणाला वाटेतच रडू आलं. ही गोष्ट आपल्या नावानं छापून यायलाच पाहिजे, असं तिला आतून वाटलं.

पण सवय ती सवय! दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंचा हात हातात घेतला आणि बाईसाहेब सुरू झाल्या. जत्रा झाली, हात सुटला, हळद उद्यावर आली, थोरली घरातून निघाली. पाटलीणबाईंचे डोळे भरून आले. "मग? धाकटी सापडते का गं?"

सगुणानं तोंड उघडलं आणि तिला दाजीबाच्या कानातली बोटं आठवली. तिनं जीभ चावली.

"पुढचं पुस्तकात येईल, आत्ता नाही सांगायचं," ती म्हणाली.

"नाही सांगायचं? म्हणजे काय? अगं, माझा दुसरा हात राहिलाय!"

"भरते की. पण मुकाट्यानं."

त्या दिवशी पाटलीणबाई अशा ओरडल्या की शेजारणी धावत आल्या. गोष्टीवाचून बांगडी किती दुखते हे गावाला त्या दिवशी कळलं. आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाच्या तोंडी एकच प्रश्न झाला, "धाकटी सापडते का?"

मग सगुणाचे जे हाल सुरू झाले, ते विचारू नका. पाणवठ्यावर बायका तिला घेरायच्या. वाणी गूळ तोलता तोलता तागडी हवेतच धरायचा आणि म्हणायचा, "आधी सांग, मग पुडी बांधतो." कुणी म्हणालं, "शहरात जाऊन आली तशी शिष्ट झाली." कुणी म्हणालं, "हिलाच शेवट सुचत नसणार." हे शेवटचं तिला फार लागलं. कारण शेवट तिला सुचला होता! तो तिच्या पोटात नुसता उड्या मारत होता.

पाटलीणबाईंनी तर तिला पुरणपोळीचं जेवण घातलं. स्वतः वाढायला बसल्या. पोळीवर तुपाची धार धरत हळूच म्हणाल्या, "मला एकटीला सांग. या कानाचं त्या कानाला कळायचं नाही." आता पाटलीणबाईंच्या पोटात गोष्ट राहणं म्हणजे सगुणाच्या पोटात राहण्यासारखंच होतं. सगुणानं पोळीचा एवढा मोठा घास तोंडात कोंबला की शब्दाला वाटच उरली नाही. तो घास संपायच्या आत तिनं दुसरा घेतला. पाटलीणबाई म्हणाल्या, "खा बाई खा. दुष्ट आहेस नुसती."

घरी आली की ती केरबाला म्हणायची, "अहो, मला काही विचारू नका."

"मी कुठं विचारतोय?" केरबा म्हणायचा.

"तेच तर! एवढी मोठी गोष्ट माझ्या पोटात आहे आणि तुम्हाला विचारावंसंसुद्धा वाटत नाही?"

केरबा हसायचा आणि माळ ओवायला लागायचा. खरं तर रोज सकाळी बोरू तासून, शाई घोटून कागदांशेजारी मांडून ठेवायचं काम तो न सांगता करत होता.

आणि गंमत बघा. जे तोंडावाटे जात नव्हतं, ते हातावाटे जायला लागलं. दिवसभर दाबून ठेवलेलं घेऊन सगुणा घरी यायची आणि चूल पेटवायच्या आधी कागदापुढे बसायची. आता तिला ओढून-ताणून लिहावं लागत नव्हतं. थोरली पुढे पुढे चालत होती आणि सगुणा तिच्या मागे धावत होती. भाजी करपायची, केरबा ती निमूट खायचा.

आणखी एक झालं. बांगडी चढवताना बोलायचं काहीच नाही म्हटल्यावर सगुणा बायकांना म्हणायला लागली, "तुम्हीच काहीतरी बोला. माहेरचं सांगा." बायका सांगायला लागल्या, आणि बोलण्याच्या नादात त्यांचंही दुखणं कमी व्हायला लागलं. कुणी आईशी झालेलं भांडण सांगितलं, कुणी सासरी पहिल्यांदा मीठ जास्त पडलं तेव्हाची फजिती सांगितली. सगुणानं जन्मात पहिल्यांदा गप्प बसून ऐकलं. तिला वाटलं, अरे, या सगळ्याजणी एवढं बोलतात, आणि मी आजवर ऐकलंच नव्हतं!

गावाच्या टोकाला येसाआजी नावाची एकटी म्हातारी राहायची. विधवा बाई, त्या काळच्या रीतीप्रमाणे बांगड्या भरायची नाही. पण फिरून दमलेली सगुणा दुपारची तिच्या ओट्यावर टेकायची, माठातलं पाणी प्यायची. आजी बोलायची कमी. गावानं एवढा धोशा लावला तरी तिनं कधी शेवट विचारला नव्हता.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. सगुणा ओट्यावर टेकली तशी आजी अचानक म्हणाली, "सगुणे, ती धाकटी सापडते का गं?"

सगुणा हसली. "आजी, तुम्हीपण?"

आजी हसली नाही. "मला एक बहीण होती," ती म्हणाली. "गया नाव. माझ्याहून लहान. घाटाखाली दिली तिला, कुठल्या कुठं. मग दुष्काळ पडला, माणसं परागंदा झाली. पुन्हा काही कळलं नाही. मी कुणापाशी बोलले नाही इतकी वर्षं. तुझी गोष्ट कानावर आली आणि झोपच उडाली. तुझं पुस्तक कधी छापणार, कधी गावात येणार! तोवर मी असेन का? एवढं सांग मला. हो किंवा नाही. बाकी काही नको."

एक शब्द! एका शब्दानं म्हातारीला झोप लागली असती. आणि त्याच शब्दानं कादंबरी हातची गेली असती. सगुणानं आजीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला आणखीही काही उमगलं. तिच्या पोटात उड्या मारणारा तो शेवट पाटलीणबाईंना टाळ्या वाजवायला ठीक होता. पण येसाआजीपुढे बसून तो सांगायची तिला लाज वाटली असती. तो फारच सोपा होता.

"आजी," ती म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत थांबा. एवढं माझं ऐका."

ती उठली ती तडक घरी आली. माळा खुंटीला अडकवल्या आणि लिहायला बसली. जुना शेवट तिनं सोडून दिला. थोरली काय बोलेल, धाकटी काय बोलेल, हे ती आजीला समोर धरून लिहीत गेली. लिहिताना रडली, मध्येच खुदकन हसली. दिवेलागणीला केरबानं समई आणून शेजारी ठेवली तेव्हा तिनं शेवटची ओळ लिहिली आणि बोरू खाली ठेवला. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं उठून केरबाला पिठलं-भात करून घातला, आणि त्या दिवशी काही करपलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन येसाआजीकडे गेली. दाजीबाची अट तिला पाठ होती. एका माणसालाही शेवट ठाऊक नको. पण पुस्तकाच्या पायी म्हातारीला तळमळत ठेवायचं, हे तिच्यानं होईना. ओट्यावर बसून तिनं शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत वाचून दाखवलं.

आजीनं मान हलवली. मग म्हणाली, "हं. असंच असणार." आणि मग ती गयेबद्दल बोलायला लागली. गया कशी चिंचा चोरायची, कशी खोटं खोटं रडायची, ते सांगताना म्हातारी पोट धरून हसली. सगुणानं तिला कधी असं हसताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या दिवशी सगुणा बाड घेऊन शहरात गेली. वाटेत तिनं ठरवलं होतं, दाजीबाला सरळ सांगून टाकायचं. पण छापखान्यात माणसांची ये-जा चाललेली. दाजीबानं बाड घेतलं आणि तो म्हणाला, "ठेवा इथं. अट लक्षात आहे ना? बाजारात कळेलच." सगुणाची जीभ, जी आजवर कधी अडखळली नव्हती, ती नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. ती काहीच न बोलता घरी आली. तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना.

बाजारचा दिवस उजाडला. सगुणानं पारापाशी आपलं दुकान मांडलं होतं. तेवढ्यात एक हिंगवाला बाजारात शिरला. डोक्याला भलंमोठं पागोटं, ओठावर झुबकेदार मिशा. हिंग विकण्यात त्याचा जीव दिसत नव्हता. ज्याच्या त्याच्यापाशी थांबून तो विचारत होता, "तुमच्या गावात कसली हो ती दोन बहिणींची गोष्ट गाजतेय? धाकटी सापडते का?"

आता गावाला एवढं निमित्त पुरे होतं. वाणी म्हणाला, "सापडते तर! ती आता एका राज्याची राणी असते." पाटलीणबाई तिथंच भाजी घेत होत्या. त्या गरजल्या, "राणी कसली डोंबलाची! ती थोरलीच्याच शेजारी राहत असते आणि हिला पत्ता नसतो." गुरुजी म्हणाले, "माझ्या मते धाकटीच थोरलीला शोधत निघालेली असते." एकानं सांगितलं, ती वारली. त्यावर बायका त्याच्या अंगावरच धावून गेल्या. केरबाला विचारलं तर तो म्हणाला, "मला तर पुस्तक पूर्ण झालं हेही पिठल्यावरून कळलं." भांडण असं जुंपलं की बाजार जागच्या जागी थांबला.

सगुणा सगळं बघत होती. हिंगवाल्यानं पुडी बांधायला बोटं पुढे केली. सगळी शाईनं काळी! मिशा खोट्या होत्या, पागोटं खोटं होतं, हा दाजीबाच होता. आणि आता तो नेमका येसाआजीकडे चालला होता. आजी पाराच्या कडेला काठी टेकून बसली होती.

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. आजी कमी बोलणारी, कदाचित काही सांगणारही नाही. किंवा पटकन जाऊन तिच्या कानात सांगता आलं असतं, "आजी, ठाऊक नाही म्हणा." सगुणाच्या मनात हे दोन्ही येऊन गेलं. पुस्तकावरचं स्वतःचं नाव तिच्या डोळ्यांसमोर आलं, आणि तिचे डोळे भरून आले. पण आपल्या नावासाठी त्या म्हातारीला खोटं बोलायला लावायचं? छे! दाजीबानं "आजी, धाकटी सापडते का?" एवढं विचारलं मात्र, सगुणा मध्ये जाऊन उभी राहिली.

"हिला ठाऊक आहे," ती म्हणाली. "दाजीबा, मी तुम्हाला ओळखलंय. आजीला शेवट ठाऊक आहे. मीच तिला कळवलाय. शहरात आले तेव्हा सांगणार होते, पण धीर झाला नाही. तुमची अट मोडली. बाड मला परत द्या."

मग पाटलीणबाईंचा आवाज आला, "अगं सटवे! माझ्या पुरणपोळ्या खाल्ल्यास आणि शेवट हिला सांगितलास?"

दाजीबानं विचारलं, "हिला कसा कळवलात? तोंडानं सांगितलात?"

"नाही. वाचून दाखवला."

"म्हणजे आधी लिहिला होता?"

"आधी लिहिला. शेवटची ओळ संपल्यावर मगच दाखवला."

दाजीबानं मिशा ओढून काढल्या. त्या चिकटवायला त्यानं कसली खळ वापरली होती कोण जाणे, तो कळवळला आणि मग गदागदा हसायला लागला. "अहो बाई," तो म्हणाला, "मला तुमच्या गावाच्या तोंडाला कुलूप घालायचं नव्हतं. ते तुमच्या तोंडाला घालायचं होतं. तुमच्यासारख्या माणसाचं कौतुक आधी झालं की लिहिणं राहतं, म्हणून ती अट. गोष्ट कागदावर उतरेपर्यंत तुम्ही ती आवरलीत. माझं काम झालं. आता कुणाला वाचून दाखवा, नाहीतर पारावर उभं राहून ओरडा."

"म्हणजे छापणार?" सगुणाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"तुम्ही बाड ठेवून गेलात त्याच दिवशी मी ते वाचून काढलं. जेवायला उठलो नाही. खिळे जुळवायलाही दिलंय. आज नुसता बघायला आलो होतो, किती प्रती काढाव्यात ते. आणि इथं बघतो तर गाव हातघाईवर आलेलं! यातल्या एकाचाही शेवट बरोबर नाही, बरं का मंडळी. सगळ्यांना पुस्तक घ्यावं लागणार."

"माझाही नाही?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"तुमचा तर अजिबात नाही," दाजीबा म्हणाला. तेव्हा येसाआजी काठी आपटून अशी हसली की सगळा बाजार तिच्याबरोबर हसायला लागला. सगुणा मात्र पदर तोंडावर घेऊन रडत होती. केरबानं भर बाजारात तिचा हात धरला, आणि त्या काळी असं कुणी करत नसे.

पुढे पुस्तक छापून आलं. पहिल्या पानावर तिचं नाव होतं, ठसठशीत. सगुणानं त्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. सगळं गाव शेवटाशी येऊन रडलं आणि हसलं. पाटलीणबाईंनी तीन वेळा वाचून घेतलं आणि तरी माझाच शेवट बरा होता, असं सांगत फिरल्या. आता तुम्ही मला विचाराल, शेवट होता तरी काय? ते मी सांगणार नाही. पुस्तक मिळवा आणि वाचा.

काही दिवसांनी सगुणा नुकत्याच माहेरून आलेल्या पाटलीणबाईंना बांगड्या भरत होती. बांगडी अंगठ्याच्या सांध्याशी आली. पाटलीणबाईंनी डोळे बारीक करून विचारलं, "नवीन काही लिहायला घेतलंय वाटतं? कशाबद्दल गं?"

सगुणा गोड हसली आणि म्हणाली, "माहेरी कुणाकुणाची भेट झाली, ते आधी सांगा बघू."

तात्पर्य एवढंच, मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो: जे करायचं ते आधी करून मोकळं व्हावं, मग चारचौघांत सांगावं. कौतुक आधी घेतलं, की काम मागेच राहतं.